पाय काढल्यानंतरचे तीन आठवडे : सावरत आलेले मांजर पुन्हा पुन्हा का बिघडते?

अपघातात चिरडलेला पाय काढावा लागलेले मांजर दवाखान्यातून घरी आले, की पहिले दीड-दोन दिवस बहुतेक घरांत हायसे वाटते. ते तीन पायांवर उभे राहते, चार घास खाते, डोक्यावरून हात फिरवला की घुरघुरते, आणि आता सगळे मार्गी लागले असे घरच्यांना वाटू लागते. मग तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी तेच मांजर दिवाणाखाली जाऊन बसते, ताटलीकडे पाठ फिरवते, ट्रेच्या बाहेर लघवी करते किंवा टाक्यांना दात लावते. समजूत घालून, लाड करून, कधी रागावून ते एकदा ताळ्यावर आणले जाते आणि दोन दिवसांनी पुन्हा तसेच होते. या पुन्हा पुन्हा होणाऱ्या बिघाडाची कारणे कोणत्या क्रमाने शोधावीत, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

आमची ठमी तीन वर्षांची असताना पुण्यात कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागे येणाऱ्या गाडीखाली सापडली आणि तिचा डावा मागचा पाय मांडीपासून काढावा लागला. शस्त्रक्रिया ऐन भाद्रपदात झाली. तिच्या बाबतीत मी ज्या चुका केल्या, त्याच चुका नंतर ओळखीतल्या आणखी तीन घरांत होताना पाहिल्या, आणि चारही घरांत एकच गैरसमज मुळाशी होता. मांजराला पाय नसल्याचे दुःख झाले आहे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तीन पायांवर चालणे ही मांजराची अडचण फार थोडे दिवस असते. पुष्कळ मांजरे शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच चालू लागतात. आठवडेच्या आठवडे टिकते ते दुखणे, आणि ते लपवण्यात मांजराचा हात धरणारा दुसरा प्राणी नाही. म्हणून बिघाड कोणत्याही रूपात समोर आला, तरी पहिला प्रश्न ‘याला दुखते आहे का?’ हाच असावा. जागा, ट्रे, खाणे यांचा विचार त्यानंतर करावा.

दुखणे ओळखायचे कसे?

घुरघुर ऐकून निश्चिंत होऊ नये. मांजर समाधानात घुरघुरते तसे वेदनेत आणि भीतीतही घुरघुरते. ओरडणे, कण्हणे यांचीही वाट पाहू नये, कारण दुखणारे मांजर बहुधा गप्प बसते. पाहायचा तो चेहरा. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली ‘फीलाइन ग्रिमेस स्केल’ नावाची मोजपट्टी प्रसिद्ध केली आणि ती घरच्या माणसालाही वापरता येण्याइतकी सोपी आहे. मांजर जागे असताना, त्याला हात न लावता, अर्धा मिनिट समोरून नीट पाहायचे. कान बाहेरच्या बाजूला वळून एकमेकांपासून लांब गेले आहेत का, डोळे आकसून बारीक झाले आहेत का, नाकातोंडाचा भाग ताणून लांबट दिसतो आहे का, मिशा सैल न राहता सरळ ताठ झाल्या आहेत का आणि डोके खांद्यांच्या रेषेखाली झुकले आहे का, या पाच गोष्टींना शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा अधिक गुण झाले तर वेदनाशामकाचा विचार करायला हवा, असा त्याचा अर्थ होतो. मी सकाळी आणि रात्री, औषधाची वेळ होण्याच्या थोडे आधी, हे गुण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत असे. चौथ्या दिवशी सकाळी दोन असलेला आकडा रात्री सहा झाला, तेव्हा ठमीच्या ‘रुसण्याचा’ उलगडा झाला.

त्यामागचे कारण साधे होते. दवाखान्यात दिलेल्या इंजेक्शनांचा परिणाम उतरला होता आणि घरी दिलेले वेदनाशामक फक्त तीन दिवसांचे होते. पुढे काय करायचे हे आमच्या कागदावर लिहिलेलेच नव्हते, आणि मीही ते विचारले नव्हते. पाय काढणे ही मोठी शस्त्रक्रिया आहे. तिच्यात स्नायू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू कापले जातात, आणि मागचा पाय असेल तर पुष्कळदा मांडीचे हाडही कापावे लागते. अशा शस्त्रक्रियेनंतर तीन दिवसांत वेदनाशामक बंद करायचे असेल, तर तसे का, हे पशुवैद्यांना स्पष्ट विचारावे. मांजर घरी नेतानाच प्रत्येक औषधाचे नाव, किती तासांनी द्यायचे, कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, उलटी झाली तर पुन्हा द्यायचे की नाही आणि रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे सगळे लिहून घ्यावे. यात कुणाला संकोच वाटण्यासारखे काही नाही.

औषधांबाबत गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. मेलॉक्सिकॅमसारखे दाह कमी करणारे औषध पोटात अन्न असताना द्यायचे असते आणि शरीरात पाणी कमी पडलेल्या मांजराच्या मूत्रपिंडांवर ते आघात करू शकते. त्यामुळे मांजराने खाणेपिणे सोडले असेल, तर पुढचा डोस देण्याआधी फोन करावा. ‘दुखतंय म्हणून थोडे जास्त’ असे तर कधीच करू नये. दुसरा गोंधळ गॅबापेंटिनचा. मज्जातंतूंच्या वेदनेवर ते चांगले उपयोगी पडते, पण त्याने गुंगी येते आणि चाल डुलते. घरचे लोक ते डुलणे पाय नसल्यामुळे आहे असे समजून हळहळतात, किंवा औषध आपल्या मनाने एकदम बंद करतात. ते बंद करायचे तेव्हा पशुवैद्य सांगतील तसे टप्प्याटप्प्याने कमी करायचे असते. ब्युप्रेनॉर्फीन हे अफूच्या गटातले वेदनाशामक तोंडातून द्यायला सांगितले असेल, तर ते गालाच्या आत, हिरडीजवळ सोडावे, कारण ते तिथल्या पातळ त्वचेतून शोषले जाते आणि गिळले गेले तर त्याचा गुण फारसा येत नाही. या गटातल्या औषधांनी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात आणि काही मांजरे येरझाऱ्या घालतात. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक इतके कडू असते की ते जिभेला लागताच तोंडाला फेस येतो. हे दृश्य पाहून घाबरायला होते, पण ती विषबाधा नव्हे.

विषबाधा होते ती आपल्या औषधाच्या डब्यामुळे. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निकामी करून बाहेर टाकणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि चेहरा व पंजे सुजतात. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन हेही घरच्या घरी देऊ नये. हा परिच्छेद घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवावा, कारण अशी गोळी देणारा माणूस बहुधा मायेपोटीच देतो.

खाणे सोडले तर

मांजराचा उपास माणसाच्या उपासासारखा नसतो. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही, तर शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि त्यातून जीव धोक्यात येतो. अंगाने भरलेल्या मांजरात हा धोका अधिक. म्हणून २४ तास काहीच खाल्ले नाही तर फोन करावा, आणि ४८ तास होण्याची वाट तर पाहूच नये.

न खाण्याची कारणे मात्र वेगवेगळी असतात आणि ती पाहून ओळखता येतात. मांजर ताटलीपाशी येते, वास घेते, ओठ चाटते, लाळ गाळते आणि मागे फिरते, तेव्हा त्याला मळमळते आहे असे समजावे. अशा वेळी तोंडात घास कोंबला तर त्या अन्नाचीच त्याला कायमची शिसारी बसते. उलटी थांबवणारे आणि भूक लावणारे औषध पशुवैद्यांकडून घेणे हाच मार्ग. मांजर ताटलीपाशी येतच नसेल, तर दुखण्याचे गुण पुन्हा मोजावेत. आणि येऊन, तोंड घालायचा प्रयत्न करून, नाद सोडून देत असेल, तर गळ्यातला कोन, म्हणजे जखम चाटू नये म्हणून घातलेली नरसाळ्यासारखी कॉलर, पाहावा. ठमीच्या बाबतीत दुसऱ्या वेळी हेच झाले होते. कोनाची कड ताटलीच्या काठावर टेकत होती आणि जीभ अन्नापासून बोटभर अंतरावर थांबत होती. मी तिची ताटली एका पालथ्या पातेल्यावर ठेवली, कोनाच्या आत मावेल अशी बशी घेतली, आणि तीन दिवस ‘भूक मेलेली’ ठमी उभ्या उभ्या सगळे खाऊन गेली.

अन्न अंगाइतके कोमट करून द्यावे, म्हणजे वास सुटतो. मीठ, कांदा आणि लसूण न घालता शिजवलेली कोंबडी, तिचे पाणी, उकडलेला बांगडा काटे काढून, असे काहीही चालते. घरच्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणे मात्र चालत नाही, कारण कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि तो अंश धुऊन जात नाही. अशक्त झाली म्हणून दूध पाजण्याची आपल्याकडे रीत आहे, पण पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचत नाही, आणि तीन पायांवर तोल सावरत हगवण सोसणे हा त्या जिवाला मोठाच त्रास आहे.

शौचाला दोन-तीन दिवस न होणे अपेक्षितच असते, कारण खाणे कमी झालेले असते आणि वेदनाशामकांनी आतडी मंदावलेली असतात. तीन दिवस उलटूनही झाले नाही, तर विचारावे. लघवीचे तसे नाही. पूर्ण दिवस लघवी झाली नाही, विशेषतः बोक्याला, तर तो रात्रीही दवाखान्यात नेण्याचा प्रसंग आहे.

जखम आणि कोन

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर दिवसातून दोनदा, त्याच खिडकीच्या उजेडात जखम पाहावी आणि मोबाइलवर फोटो घ्यावा. रोजच्या नजरेला हळूहळू वाढणारी सूज जाणवत नाही, फोटो शेजारी शेजारी ठेवले की जाणवते. पहिल्या दिवसांत कडेला निळसर-जांभळट डाग, थोडी सूज आणि किंचित गुलाबी ओल दिसते, त्याने घाबरू नये. काही दिवसांनी जखमेच्या खालच्या टोकाशी मऊ, पाणी भरल्यासारखा, न दुखणारा फुगवटा येऊ शकतो. काढलेल्या भागाच्या पोकळीत साठलेला तो द्रव असतो आणि बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप जिरतो. तो दाबू नये, सुईने तर मुळीच फोडू नये, फक्त पशुवैद्यांना दाखवून ठेवावा. दुर्गंधी, पू, वाढती लाली, हाताला लागणारी ऊब, टाक्यांमधली फट, झोपेत मिनिटाला ३० हून अधिक श्वास, पांढुरक्या हिरड्या, यांतले काहीही दिसले तर मात्र सकाळ होण्याची वाट पाहू नये.

जखमेला हळद आणि तेल लावावे, असे शेजारच्या काकूंनी मला अगदी आपुलकीने सुचवले होते. मी त्यांना समजावून सांगितले ते असे, की जे जखमेला लागते ते मांजराच्या पोटात जाते आणि तेलाने टाक्यांवर धूळ बसते. त्याहून घातक आहे ते जंतुनाशक. फिनॉल गटातली द्रव्ये मांजराला बाधतात. यात माणसाच्या जखमेवर सर्रास लावले जाणारे क्लोरोझायलेनॉलचे पिवळसर द्रावणही आले आणि फरशी पुसायचे फिनाइलही आले. मांजर ज्या खोलीत आहे ती फरशी नुसत्या पाण्याने पुसावी आणि कामाला येणाऱ्या मावशींना हे आधीच सांगून ठेवावे. ठमीच्या वेळी पाऊस सुरू होता, हवेत ओल होती आणि माश्या होत्या. पावसाळ्यात उघड्या, ओलसर जखमेवर माशी बसली तर अळ्या पडायला फार वेळ लागत नाही. म्हणून खिडकीला जाळी लावलेली खोली निवडावी आणि बिछाना रोज बदलावा.

कोन काढण्याचा मोह सगळ्यांना होतो. मांजर भिंतींवर आदळते, केविलवाणे पाहते, आणि आपण ‘मी समोर बसले आहे ना’ म्हणत तो काढतो. मांजराची जीभ कानशीसारखी खरखरीत असते आणि टाके उसवायला तिला चहा उकळण्याएवढा वेळ पुरतो. कोन खरोखरच सोसत नसेल, तर कापडी मऊ कोन किंवा फुगवायची कॉलर पाहावी, पण लवचीक मांजर मागच्या बाजूच्या जखमेपर्यंत अशा कॉलरवरूनही पोहोचते, हे एकदा समोर बसून तपासून घ्यावे. पुढचा पाय काढला असेल, तर तान्ह्या बाळाचे सुती झबले फार उपयोगी पडते. पुढचा पाय काढताना बहुधा खांद्याच्या फऱ्यासकट काढतात, त्यामुळे जखम छातीच्या कडेला असते आणि झबल्याखाली पूर्ण झाकली जाते. रिकाम्या बाजूची बाही आत दुमडून शिवावी, बंद पाठीवर यावेत, पोटाशी झबले इतके आखूड असावे की लघवी करताना भिजणार नाही. भिजले तर ते ताबडतोब बदलावे लागते, त्यामुळे तीन-चार झबली लागतात.

ट्रेच्या बाहेर लघवी

याला खोड किंवा राग समजणे अन्यायाचे आहे. एका दुपारी मी ठमीच्या ट्रेशेजारी जमिनीवर बसून काय होते ते पाहिले. ती ट्रेच्या सहा इंची काठाशी आली, पुढचे दोन पाय आत टाकले, मग एकुलता मागचा पाय उचलावा की टेकवावा हे न समजून ती तशीच थांबली. शेवटी उडी मारून आत गेली, लिटरमध्ये, म्हणजे ट्रेतल्या वाळूसारख्या खड्यांमध्ये, पाय रुतला, खाली बसू लागताच तोल डावीकडे गेला आणि ती जखमेच्या बाजूवर कलंडली. पुन्हा त्या ट्रेत जायला तिला भीती वाटली, यात नवल ते काय?

त्या संध्याकाळी मी तुळशीबागेतून दोन इंच काठाचा, चांगला ऐसपैस प्लास्टिकचा ट्रे आणला. तो भिंतीला असा लावला, की आत गेल्यावर तिची डावी बाजू भिंतीकडे येईल आणि कलंडली तरी भिंतीचा आधार मिळेल. पहिले चार दिवस पोटाखालून मऊ पंचाची पट्टी धरून मी तिचा मागचा भार अलगद पेलत असे, फक्त बसताना आणि उठताना. आत लिटरऐवजी वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या घातल्या, कारण लिटरची धूळ आणि खडे ओल्या टाक्यांना चिकटतात. नेहमीचे लिटर टाके निघाल्यावर, तेही पातळ थराने सुरू केले. ट्रे बिछान्यापासून चार पावलांवर ठेवावा, पण अन्नाला चिकटून नको. पुढचा पाय नसलेल्या मांजराला उकरून झाकणे जमत नाही आणि ते बराच वेळ हवेत खांदा हलवत राहते. ट्रे आपण लगेच साफ केला की त्याची तगमग कमी होते.

फरशी आणि जागा

आपल्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्स हा तीन पायांच्या मांजराचा मोठा शत्रू आहे. एकट्या मागच्या पायाला जोर लावताना तो बाजूला सटकतो, मांजर फसकन बसते, आणि दोन-तीनदा असे झाले की चालणेच सोडते. ते ‘खचले’ असे आपल्याला वाटते, पण त्याला फक्त पकड मिळत नसते. सतरंजी अंथरून भागत नाही, कारण तीच पायाखालून सरकते. योगासनांची जुनी चटई कापून तिच्या पट्ट्या बिछाना, ताटली आणि ट्रे यांच्यामध्ये पायवाटेसारख्या टाकाव्यात. बोहरी आळीत रबरी मॅटिंग मीटरवर मिळते, तेही उत्तम. पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापावेत. पट्ट्या अंथरल्यावर तासाभरात चाल बदललेली मी तीन घरांत पाहिली आहे.

पहिले दोन-तीन आठवडे मांजराला एकाच खोलीत किंवा मोठ्या पिंजऱ्यात ठेवायचे असते आणि हा नियम दुसऱ्या आठवड्यात मोडतो, कारण तेव्हा मांजर छान दिसू लागते. दिवाण आणि कपाटाखालची जागा आधीच बॅगा लावून बंद करावी. मी ती केली नव्हती. ठमी दिवाणाखाली गेली, औषधाची वेळ झाली म्हणून मी तिला ओढून काढले आणि दोन टाके उसवले. त्यासाठी तिला पुन्हा थोडी भूल द्यावी लागली, आणि ते दुखणे केवळ माझ्यामुळे तिच्या वाट्याला आले. लपायला जागा हवीच. खोक्याला एका बाजूने मोठे दार कापून, आत जुनी गोधडी घालून ते खोलीत ठेवावे, म्हणजे मांजर लपलेलेही राहते आणि हाताशीही राहते. थंडीत भादरलेल्या अंगाला गारठा लागतो, तेव्हा गोधडीचा आणखी एक घडीचा थर द्यावा.

मांजर आपल्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर पेलते. त्यामुळे मागचा पाय गेला तर वर चढायला अडचण येते आणि पुढचा गेला तर खाली उतरताना हनुवटी आपटते. दोन्हीवर उपाय एकच, चढ-उताराचे टप्पे. खिडकीखाली स्टूल, स्टुलाखाली पाट. पुढचा पाय नसलेल्या मांजराला स्वयंपाकघराच्या ओट्यावरून उडी मारू देऊ नये. त्याला दोन्ही हातांनी, छाती आणि मागचा भाग तोलून उतरवावे.

रिकाम्या जागेचे दुखणे

जखम भरली, टाके निघाले, खाणे सुरळीत झाले, आणि तरीही मांजर एकाएकी दचकून उठते, नसलेल्या पायाकडे वळून फिस्कारते, तिथली कातडी थरथरते, ते हवेत चाटते किंवा पिसाटल्यासारखे खोलीभर धावते, अशी तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ऐकू येते. ठमीला तर हे टाके निघण्याआधी, नवव्या रात्रीच झाले. कापलेले मज्जातंतू मेंदूकडे चुकीचे संदेश पाठवत राहतात आणि पाय नसतानाही पाय दुखतो. माणसांत हे चांगले ओळखीचे आहे, आणि मांजराचे वागणे त्याच्याशी जुळते. याला भूतबाधा म्हणणारेही मला भेटले, त्यांना मी हेच सांगितले.

अशा वेळी मांजराला धरून ठेवू नये, ते घाबरून चावेल. दिवा मंद करावा, वाटेतल्या वस्तू बाजूला कराव्यात आणि शक्य असेल तर मोबाइलवर चित्रण करावे. दवाखान्यात गेल्यावर मांजर अगदी शहाण्यासारखे बसते आणि आपले वर्णन अतिशयोक्त वाटते. चित्रण पाहून आमच्या पशुवैद्यांनी लगेच गॅबापेंटिन पुन्हा सुरू केले आणि साधारण दहा दिवसांत ते झटके थांबले. टोकाच्या जागेवर जखम पूर्ण भरल्यावर तळहाताने हलकेच स्पर्श करत राहिल्यानेही तिला बरे वाटत असे, पण स्पर्श नको असेल तर ती मान वळवून सांगत असे आणि मी हात काढून घेत असे.

पुण्यातल्या माणसाने आवाजाचाही विचार करावा. ढोल पथकांचा सराव गणपतीच्या कितीतरी आधी सुरू होतो, विसर्जनाच्या दिवसांत तर खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि दचकलेले मांजर टाक्यांचा विचार न करता उडी मारते. घराची सगळ्यात आतली खोली निवडावी, खिडक्या लावून पंखा सुरू ठेवावा, आणि भीती कमी करणाऱ्या औषधाविषयी आधीच विचारून ठेवावे. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता मिरवणुकीसाठी बंद होतात. तपासणीची तारीख त्या दिवशी येत असेल तर ती अलीकडे घ्यावी आणि औषधे दोन दिवस आधी घरात आणावीत. दिवाळीच्या फटाक्यांनाही हेच लागू.

घरात दुसरे मांजर असेल, तर दवाखान्याच्या वासामुळे ते परतलेल्यावर फिस्कारते. काही दिवस दार बंद ठेवून दोघांच्या बिछान्याची फडकी अदलाबदल करावी.

तीन आठवड्यांनंतर

वजन वाढू देऊ नये. तीन पायांच्या सांध्यांना चौथ्याचे कामही करायचे असते, आणि बरगड्या हाताला सहज लागतील एवढेच अंग असावे. उरलेल्या पायांची नखे दर दोन-तीन आठवड्यांनी पाहावीत, कारण पुढचा पाय गेलेल्या मांजराला नखांना धार लावणे नीट जमत नाही आणि वाढलेले नख वळून गादीत रुतते.

मागचा पाय गेला असेल, तर त्या बाजूच्या कानाकडे कुणी लक्ष देत नाही. मांजर कान मागच्या पायाने खाजवते, आणि तो पायच नसल्याने मळ साठत जातो. आठवड्यातून एकदा कान उजेडात पाहावा. आत कॉफीच्या पुडीसारखा काळपट मळ दिसला, तर बारीक किड्यांचा प्रादुर्भाव असू शकतो आणि त्यावरचे औषध दवाखान्यातूनच आणावे. ठमी अजूनही संध्याकाळी मान डावीकडे कलती करते, डोळे मिटते, आणि मांडीच्या उरलेल्या टोकाचे स्नायू कातडीखाली भराभर हलू लागतात. ती डावा कान खाजवत असते. मी तेव्हा हातातले काम ठेवून त्या कानामागे बोटांनी खाजवते, स्नायू हलायचे थांबेपर्यंत.